ते आयरिश नाही हो, स्कॉटिश आहे!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पत्र लांबणार आहे हे आधीच सांगते. काटछाट करायची तर करा, फक्त अंगाईचा भाग तेवढा ठेवा.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत मुलांसोबत बसून बघण्यासारख्या ॲनिमेशन सिनेमांवर लेख आला होता. त्यात पिक्सारचा २०१२ चा 'ब्रेव्ह' दिसला आणि बरं वाटलं, कारण आमच्याकडे तो किती वेळा बघून झालाय हे मोजणं आम्ही केव्हाच सोडून दिलंय. लेखात त्यातल्या नायिकेच्या, म्हणजे स्कॉटलंडच्या राजकन्या मेरिडाच्या, केसांवर अख्खा परिच्छेद आहे. असू दे, त्या लाल कुरळ्या केसांसाठी पिक्सारवाल्यांनी वेगळं सॉफ्टवेअर बनवलं होतं, मेहनत आहेच. पण संगीताच्या वाट्याला काय आलं तर शेवटची अर्धी ओळ, की मागे आयरिश पद्धतीचं गोड संगीत वाजत राहतं. झालं, संपलं.

त्या अर्ध्या ओळीत दोन चुका आहेत. एक, ते आयरिश नाही, स्कॉटिश आहे. दुसरी म्हणजे ते 'मागे' वाजत नाही, आणि ही दुसरी मला जास्त लागली. पण आधी पहिली.

कोणी म्हणेल आयरिश काय नि स्कॉटिश काय, शेवटी सगळं सेल्टिकच ना. मीसुद्धा बरीच वर्षं असंच म्हणायचे. सेल्टिक हे मुळात एका भाषाकुळाचं नाव, त्यातल्या सहा भाषा अजून कोणी ना कोणी बोलतं: आयरिश, स्कॉटिश गेलिक, मॅन्क्स, वेल्श, कॉर्निश आणि ब्रेटन, आणि यातली ब्रेटन तर चक्क फ्रान्समध्ये आहे. कॅसेट-सीडी विकणाऱ्यांनी मग या सगळ्यांच्या संगीताला एकच चिठ्ठी चिकटवली, वर धुक्यातल्या डोंगराचा फोटो लावला, आणि आपल्याला वाटायला लागलं की बासरी, हार्प आणि थोडा वारा वाजला की झालं सेल्टिक. हे म्हणजे भूप आणि दुर्गा दोन्ही पाच सुरांचे म्हणून दोन्ही एकच, असं म्हणण्यासारखं आहे. सूर मोजून राग कळत नाही ना, तसंच आहे हे.

बॅगपाइपचंच घ्या. आपल्याला बॅगपाइप म्हणून जो माहितीय, किल्ट म्हणजे तो चौकड्यांचा घागऱ्यासारखा पोशाख घातलेला माणूस उभ्याने वाजवतो तो, तो स्कॉटलंडचा ग्रेट हायलंड बॅगपाइप. तोंडाने पिशवीत हवा भरायची, पिशवी काखेत दाबायची, खांद्यावर तीन नळ्या सतत एकच सूर धरून असतात, दोन वरच्या आणि एक खर्जातली, अगदी तंबोरा लावल्यासारखी, आणि बोटांखालच्या नळीवर फक्त नऊ सूर. तेवढ्यात सगळं करायचं. त्यातला निषाद कोमल, म्हणजे आपल्या कानाला ते खमाज थाटाच्या जवळ जातं, म्हणूनच बहुतेक आपल्याला ते परकं वाटत नाही. आणि गंमत म्हणजे या वाद्याला थांबताच येत नाही. एकदा पिशवी भरली की आवाज चालूच, लहान-मोठा करता येत नाही, दोन सुरांमध्ये श्वासाएवढी फट ठेवता येत नाही. मग तोच सूर दोनदा वाजवायचा तर दोन्हींच्या मध्ये दुसऱ्या एखाद्या सुराला निसटता टोला मारायचा. ते जे सतत किणकिण, झटके, हरकती ऐकू येतात ना, ती नुसती सजावट नव्हे, त्याशिवाय सूर सुटे पडतच नाहीत.

आयर्लंडचा पाइप वेगळा. त्याला इलिन पाइप्स म्हणतात, आयरिशमध्ये 'इल्या' म्हणजे कोपर, कारण त्यात तोंडाने फुंकायचंच नसतं, कोपराखाली छोटा भाता असतो. वाजवणारा खुर्चीवर बसतो, नळी मांडीवर टेकवून आवाज बंदसुद्धा करू शकतो, सप्तक दोन मिळतात, आणि आवाज मऊ, घरातल्या खोलीत बसून ऐकण्यासारखा. एक रणांगणातलं वाद्य, एक बैठकीतलं. एकदा दोन्ही शेजारी शेजारी ऐकले की परत कधी गोंधळ होत नाही.

आता ही गल्लत तुमच्याच लेखकाची आहे असं नाही, मोठमोठ्यांनी केलीय आणि मुद्दाम केलीय. १९९५ च्या 'ब्रेव्हहार्ट'मध्ये गोष्ट स्कॉटलंडची, किल्ट स्कॉटलंडचे, आणि जेम्स हॉर्नरच्या संगीतात डोळ्यात पाणी आणणारा जो पाइप आहे तो आयरिश. त्याला तो मऊ आवाज हवा होता, त्याने घेतला, आणि ऐकायला सुंदरच आहे, मी काही नाक मुरडत नाही. २०१० च्या 'हाऊ टू ट्रेन युवर ड्रॅगन'मध्ये तर आणखी मजा, गोष्ट वायकिंगांची, मोठी माणसं स्कॉटिश हेल काढून बोलतायत आणि जॉन पॉवेलच्या संगीतात पाइप नि फिडल, म्हणजे व्हायोलिनच. वायकिंगांना पाइप कोणी दिला विचारू नका. त्या संगीताला ऑस्करचं नामांकन मिळालं आणि माझ्या मते ते जिंकायला हवं होतं, पण तो वेगळा वाद आहे. सांगायचं एवढंच की तिथे सेल्टिक हा एक रंग आहे, डबीतून काढून लावलेला. 'ब्रेव्ह'मध्ये तसं नाहीये.

'ब्रेव्ह'चं संगीत पॅट्रिक डॉयलचं. हा माणूस ग्लासगोजवळच्या अडिंगस्टनचा, शिकला तिथल्याच रॉयल स्कॉटिश अकॅडमीत. केनेथ ब्रॅनाच्या १९८९ च्या 'हेन्री द फिफ्थ' या सिनेमाला त्याचंच संगीत आहे, त्यात लढाईनंतर जो सैनिक पहिल्यांदा गायला लागतो तोही तोच, आणि चौथा हॅरी पॉटरपण त्याचाच. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या देशांच्या गोष्टींना संगीत दिल्यावर याला आपल्या घरच्या गोष्टीला संगीत द्यायला मिळालं. आणि त्याने काय केलं तर नुसती वाद्यं आणून ठेवली नाहीत, नाचाचे ठेके घेतले. जिग, रील आणि स्ट्रॅथस्पे. जिग म्हणजे सहा मात्रांची उडती चाल, दादरा मोजता येत असेल तर लगेच पायात येते. रील म्हणजे चारच्या हिशोबात सरळ पळत सुटलेली. पण स्ट्रॅथस्पे ऐका तुम्ही, तो खास तिथलाच, स्पे नदीच्या खोऱ्यावरून नाव पडलंय. त्यात एक झटका असतो, आधी आखूड सूर आणि तोही नेमका ठोक्यावर, आणि मग लांब, ट-धाऽ, ट-धाऽ, असं. कोणीतरी ठेच लागून सावरल्यासारखं करतंय आणि तेही मोठ्या रुबाबात. 'ब्रेव्ह'मध्ये मेरिडाचं लग्न ठरवायला सगळ्या टोळ्या जमतात, सरदार छाती काढून आपापल्या पोरांची बढाई मारतात, तिथे हा असा रुबाब आणि ठेच एकत्र असणारा ठेका कानात बसला असला ना की त्या सरदारांचं ते फुगणं आणखीनच विनोदी वाटायला लागतं.

बरं, मी काही शुद्धतेचा झेंडा घेऊन उभी नाहीये. वाजवणारा ऑर्केस्ट्रा लंडन सिम्फनी, म्हणजे लंडनचा. डॉयलने बाउरॉन वापरलाय, तो बकरीच्या कातड्याचा हातात धरायचा ढोल तर आयरिशच. मेरिडा घोड्यावरून सुसाट सुटते, बाण मारते, कडा चढते, तेव्हाचं 'टच द स्काय' लिहिलंय ॲलेक्स मँडेल आणि दिग्दर्शक मार्क अँड्र्यूज या दोघा अमेरिकनांनी. आणि शेवटच्या श्रेयनामावलीवर गाणारे बर्डी आणि ममफर्ड अँड सन्स दोघंही इंग्लंडचे, त्या गाण्याला बँजो आहे, जोर आहे, पण ते सिनेमा संपल्यावरचं गाणं आहे हे लगेच कळतं, दार लावून बाहेर आल्यासारखं. मग स्कॉटिश उरलं काय, असं तुमचा लेखक विचारू शकतो.

उरला तो आवाज. 'टच द स्काय' गायलंय जूली फॉलिसने. ती नॉर्थ युइस्टची, म्हणजे स्कॉटलंडच्या पश्चिमेला समुद्रात जी बेटांची रांग आहे तिथली. ती एरवी बहुतेक गेलिकमध्येच गाते. तिथली एक जुनी पद्धत आहे, पुर्श्त-अ-बिअल, म्हणजे तोंडाने वाजवलेलं संगीत. नाचायचंय आणि वाजवायला कोणी नाही तर एकजण ती चाल तोंडानेच म्हणणार, शब्द जिभेला लागतील तसे, काही अर्थाचे, काही नुसतेच अक्षरांचे खेळ, आपण तबल्याचे बोल पढंत करतो तसंच. फॉलिस त्यात पटाईत. त्यामुळे शब्द जरी इंग्रजी आणि अमेरिकन माणसाचे असले तरी ती ते गाते तेव्हा व्यंजनं टाळ वाजल्यासारखी पडतात, आवाज सरळ, लहरवायचा नाही, ओढायचा नाही, सूर लावला की लावला. मेरिडाला आईच्या शिस्तीतून एक दिवस सुट्टी मिळालीय, आणि गाणारीच्या आवाजात कसलंही लाडीक आर्जव नाही. दुसरी एखादी पॉप गायिका असती तर त्याच गाण्याचं शाम्पूच्या जाहिरातीतलं गाणं झालं असतं, मी लिहून देते.

आता अंगाई. ज्यांनी सिनेमा पाहिला नाही त्यांनी हा भाग सोडा, गोष्ट फुटणार आहे.

'ब्रेव्ह'ची मूळ गोष्ट ब्रेंडा चॅपमनची, तिला ती आपल्या मुलीशी असलेल्या नात्यावरून सुचली. पिक्सारचा मोठा सिनेमा दिग्दर्शित करायला मिळालेली ती पहिली बाई, आणि मधेच तिला बाजूला करून अँड्र्यूजला आणलं, ऑस्कर मात्र दोघांच्या नावे मिळालं. असो. गोष्टीत एलिनॉर राणी म्हणजे मेरिडाची आई सतत बोलत असते. राजकन्येने असं बसू नये, असं हसू नये, धनुष्य टेबलावर ठेवू नये. आई म्हणजे सूचना. आणि मग मेरिडाच्याच हट्टापायी जादूने आईची अस्वल होते आणि तिची वाचा जाते. सिनेमाचा बराच मोठा भाग त्या बाईला एक शब्द बोलता येत नाही. हातवारे आणि गुरगुर. म्हणजे ज्या आईचं सगळं आईपण बोलण्यात होतं तिचं बोलणंच काढून घेतलं.

मग ही आई पडद्यावर आहे हे आपल्याला कशाने कळत राहतं? डोळ्यांनी, आणि संगीताने. नदीत मासे पकडायच्या प्रसंगात दोघी पहिल्यांदा हसतात, आई आधी काटे-चमचे घेऊन बसल्यासारखा शिष्टपणा करते आणि मग धपाधप पाण्यात उतरते, तिथे दोघींमध्ये संवाद नाही, फॉलिसचं दुसरं गाणं आहे. आणि रानात रात्र होते, गडगडाट होतो, आणि मेरिडाला लहानपणची वादळाची रात्र आठवते, ती आईच्या कुशीत शिरलीय आणि आई गातेय. 'अ व्हाइचन व्हान उअसल', म्हणजे गोऱ्या, थोर घरच्या मुली, असं काहीसं. बाळा माझा आवाज ऐक, मी इथेच आहे तुझ्याजवळ, मोठी हो आणि आपला मुलूख बघ, अशा अर्थाची अंगाई. डॉयलने नव्याने बांधलेली, पण गेलिकमध्ये.

आणि खाली अर्थ येत नाही! मी मुद्दाम सबटायटल लावून बघितलं, ओळ रिकामी. मला पहिल्यांदा राग आला, मग लक्षात आलं की बरोबरच आहे. २०११ च्या शिरगणतीत गेलिक बोलणारे स्कॉटलंडमध्ये ५७ हजारांच्या आसपास निघाले, शंभरात जेमतेम एक. म्हणजे खुद्द स्कॉटलंडच्या थिएटरातसुद्धा बहुतेकांना शब्द कळले नसणार, आपण तर लांबच राहिलो. ज्या आईचं बोलणं मुलीला आयुष्यभर पटलं नाही तिचं प्रेम नेमकं न कळणाऱ्या भाषेत येतं. तान्ह्या बाळाला तरी अंगाईतले शब्द कुठे कळतात? आवाज कळतो. गायलीय राणीला आवाज देणाऱ्या एमा थॉम्पसनने स्वतः, तिची आई ग्लासगोची, आणि छोट्या मेरिडाचा आवाज देणारी मुलगी तिच्या सुरात सूर मिसळते. एमा थॉम्पसन काही गायिका नाही, तिचा श्वास ऐकू येतो, एका ठिकाणी आवाज अगदी पातळ होतो, स्टुडिओत ते सहज झाकता आलं असतं, नाही झाकलं. कूस बदलत थोपटताना आईचा आवाज असाच येतो. हीच चाल पुढे शब्दांशिवाय येते, आणि तोंडाने काही बोलू न शकणाऱ्या त्या आईच्या वतीने ऑर्केस्ट्रा बोलतो. याला तुम्ही मागे वाजणारं गोड संगीत म्हणता?

आमची लेक सात वर्षांची आहे. ती ही अंगाई म्हणते, शब्द सगळे मनाचे, नाइ-शन-विक-लुन-मोगू असलं काहीतरी, पण चाल सुताएवढी हलत नाही आणि मधला तो चढ ती बरोब्बर घेते. मी एकदा म्हटलं अगं खरे शब्द शोधून देते, तर म्हणाली नको, हे माझे आहेत. पुर्श्त-अ-बिअलवाले खूष झाले असते.

भाषेवरून आठवलं, सिनेमात तरुण मॅकगफिन नावाचा एक जाडजूड पोरगा आहे, तो काय बोलतो ते कोणालाच कळत नाही, त्याच्या टोळीतल्यांनापण नाही. आम्हाला वाटायचं उगीच केलेली बडबड आहे. ती डोरिक आहे, स्कॉटलंडच्या ईशान्येकडची खरीखुरी बोली, आणि आवाज देणारा केव्हिन मकिड त्याच भागातल्या एल्गिनचा. ज्यांना ती येते त्यांना तो विनोद वेगळाच लागत असणार.

आणि आयरिशच लिहायचं होतं तर त्यासाठी सिनेमे आहेत की! आयर्लंडमधल्या किल्केनीच्या कार्टून सलून या स्टुडिओचा 'साँग ऑफ द सी', २०१४ चा, टॉम मूरने केलेला. समुद्रात सील आणि जमिनीवर माणूस होणाऱ्या सेल्कींची गोष्ट. संगीत ब्रूनो कूले या फ्रेंच माणसाचं, त्याच्या जोडीला किला हा डब्लिनचा बँड, आणि आई झालीय लिसा हॅनिगन, बोलतेही तीच आणि गातेही तीच. गोष्टीतली धाकटी मुलगी बोलत नाही, शंख वाजवते, आणि तिचं गाणं सापडेपर्यंत गोष्ट सुटत नाही. बघा, तिथेही बोलणं नाही आणि गाणं आहे! मला वाटतं ज्यांना स्वतःची भाषा जाताना दिसलीय त्यांना हे आतून सुचत असावं, पण हा माझा अंदाज, ठोकून सांगत नाही. त्याच मंडळींचा २००९ चा 'द सीक्रेट ऑफ केल्स'पण आहे, जरा अंधारा आहे, फार लहान मुलांना नको.

ऐकायचं कसं तेपण लिहा कधीतरी. टीव्हीच्या स्पीकरवर खर्ज जातो आणि उरतं ते नुसतं पींपीं, मग लोक म्हणतात बॅगपाइप कर्कश आहे. साधे हेडफोन लावा आणि खालचे ते धरून ठेवलेले सूर आधी शोधा, ते सापडले की वरची चाल आपोआप जागेवर बसते. आणि ती ॲप, जिथे आम्ही हे बघतो, नाव नाही घेत, तिच्यात नावं वर सरकायला लागली रे लागली की कोपऱ्यात चौकोन येऊन पाच सेकंदात दुसरंच काहीतरी सुरू होतं. वाजवणाऱ्यांची नावं तिथेच असतात हो. आमच्याकडे रिमोट हातात घेऊन तयार बसावं लागतं, लेकीची ड्यूटी आहे ती.

तेव्हा विनंती एवढीच की पुढच्या रविवारी दुरुस्तीची चौकट छापा, स्कॉटिश, आयरिश नव्हे, बास. आणि तुमच्या लेखकाला सांगा सिनेमा परत बघा, अस्वल झाल्यानंतरचा भाग एकदा चित्राकडे पाठ करून ऐका. मी भांडी घासताना तसाच ऐकला होता, दुसऱ्या खोलीत लावलेला, आणि रानातली ती रात्र आली तेव्हा नळ बंद करून उभी राहिले.

कळावे,
तुमची नेहमीची वाचक